चर्मकामाचा छंद : नमुना, हातटाका आणि शिलाई यंत्र

आपल्या ग्रामजीवनात चामड्याचे स्थान किती मोठे होते, याची कल्पना आजच्या तरुण पिढीला सहजासहजी येणार नाही. विहिरीवरील मोट, तेलाचे बुधले, पाणक्याची पखाल, बैलांच्या जुंपणीच्या वाद्या, आसूड, तबल्या-ढोलकीची पुडी आणि पायांतील वहाण या सर्व वस्तू गावातच तयार होत असत. कातडी कमावण्याचे काम ढोर समाजाकडे आणि कमावलेल्या चामड्याच्या वस्तू करण्याचे काम चर्मकार समाजाकडे असे. बलुतेदारीच्या व्यवस्थेत या कामाचा मोबदला वर्षाकाठी धान्याच्या रूपाने मिळे. मोटेची जागा विजेच्या पंपाने घेतली, बुधल्याची जागा पत्र्याच्या व पुढे प्लॅस्टिकच्या डब्याने घेतली, आणि मोट शिवणाऱ्या हातांचे कौशल्य गावातून हळूहळू ओसरत गेले.

दुसऱ्या बाजूने एक नवीच गोष्ट घडत आहे. ज्यांच्या घराण्यात चर्मकाम कधीच नव्हते असे शिक्षक, कारकून, अभियंते, गृहिणी आणि महाविद्यालयीन विद्यार्थी फावल्या वेळात पाकिटे, पट्टे, चष्म्याची घरे, वहीची वेष्टने तयार करू लागले आहेत. बडोदे, पुणे, मुंबई यांसारख्या शहरांत हा छंद रुजतो आहे. छंद म्हणून चर्मकाम करू इच्छिणाऱ्यांना, त्याचप्रमाणे शाळांतून कार्यानुभव हा विषय शिकविणाऱ्या शिक्षकांना उपयोगी पडेल अशी माहिती पुढे दिली आहे.

बडोद्याची पार्श्वभूमी

हस्तकौशल्याला विद्येचा दर्जा मिळावा, हा विचार बडोदे संस्थानात फार लवकर रुजला. श्रीमंत सयाजीराव गायकवाड (तिसरे) यांनी १८९० साली बडोद्यास कलाभवनाची स्थापना केली. रसायनशास्त्रज्ञ प्रा. त्रिभुवनदास कल्याणदास गज्जर हे त्या संस्थेचे आद्य सूत्रधार होत. रंगकाम, विणकाम, सुतारकाम, यंत्रविद्या यांसारखे विषय शास्त्रीय पायावर आणि शक्यतो देशी भाषांतून शिकवावेत, हा त्यांचा आग्रह होता. भारतीय चित्रपटाचे जनक दादासाहेब फाळके यांनीही काही काळ कलाभवनात शिक्षण घेतले. १९४९ साली महाराजा सयाजीराव विद्यापीठ स्थापन झाले आणि कलाभवनाचे रूपांतर विद्यापीठाच्या तंत्रविद्या व अभियांत्रिकी शाखेत झाले. सुशिक्षित माणसाने हातात हत्यार धरण्यात कमीपणा नाही, ही शिकवण बडोद्याच्या मराठी आणि गुजराती घरांत शतकापूर्वीच पोहोचली होती.

तथापि, त्याच शहराची दुसरी बाजूही सांगितलीच पाहिजे. महाराजांच्या शिष्यवृत्तीवर परदेशी शिकून आलेले डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१७ साली बडोदे संस्थानच्या नोकरीत रुजू झाले, तेव्हा अस्पृश्य म्हणून त्यांना शहरात राहावयास जागा मिळाली नाही. ज्या पारशी धर्मशाळेत त्यांनी आसरा घेतला होता, तेथूनही त्यांना बाहेर पडावे लागले. सयाजीबागेतील ज्या ठिकाणी ते त्या दिवशी झाडाखाली बसून राहिले, ते स्थान आज संकल्पभूमी म्हणून ओळखले जाते. मेलेली जनावरे ओढणे, कातडी सोलणे, ती कमावणे आणि शिवणे या कामांना चिकटलेला विटाळाचा कलंक ही याच अस्पृश्यतेची एक शाखा होय. आज एखादा हौशी कारागीर आपल्या पाकिटाचे कौतुक अभिमानाने सांगतो, तेव्हा हेच काम करणाऱ्याला काल-परवापर्यंत गावाच्या वेशीबाहेर राहावे लागत होते, ही गोष्ट त्याच्या ध्यानी असावी. हातातील रापी कोणाकडून आली आहे, हे माहीत नसताना ती चालवणे बरे नव्हे.

जन्माने चर्मकार नसलेल्यांनी हे काम स्वखुशीने शिकल्याची उदाहरणे आपल्या इतिहासात आहेत. दक्षिण आफ्रिकेत १९१० साली सुरू झालेल्या टॉलस्टॉय फार्मवर बॅरिस्टर गांधी वहाणा करावयास शिकले. त्यांचे सहकारी हर्मन कॅलनबाख यांनी ही विद्या एका ख्रिस्ती मठात आत्मसात केली होती. गांधीजींनी भेट दिलेला एक जोड जनरल स्मट्स यांनी बरीच वर्षे वापरला आणि १९३९ साली गांधीजींच्या सत्तराव्या वाढदिवसाच्या निमित्ताने तो परत पाठविला. पुढे वर्ध्याजवळील नालवाडी येथे चर्मालय चालविण्यात आले आणि मृत जनावरांच्या कातड्यांपासून उपयुक्त वस्तू करण्याचे प्रयोग तेथे झाले. १९३७ सालच्या वर्धा शिक्षण योजनेत मूलोद्योगांच्या यादीत चर्मकामाचाही समावेश होता. बंगालमध्ये श्रीनिकेतन येथे रथींद्रनाथ ठाकूर व प्रतिमादेवी यांनी चामड्यावरील रंगकामाला कलेचे रूप दिले, आणि शांतिनिकेतनच्या चर्मवस्तूंना आज भौगोलिक मानांकन लाभलेले आहे.

चामड्याची पारख

बाजारात मिळणारे चामडे मुख्यतः दोन प्रकारचे असते. पहिला प्रकार वनस्पतिजन्य द्रव्यांनी कमावलेल्या चामड्याचा होय. त्यासाठी बाभळीची साल, हिरडा, तसेच गुजरातीत आवळ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या तरवडाची साल वापरली जाते. कोल्हापुरी वहाणेचे चामडे हिरडा आणि बाभळीची साल यांनीच कमावतात. दुसरा प्रकार क्रोमियमच्या क्षारांनी कमावलेल्या चामड्याचा. तो मऊ, पाण्याला अधिक टिकणारा आणि उत्पादनास जलद असल्यामुळे बूट, पिशव्या व कपड्यांसाठी सर्वत्र वापरला जातो.

हे दोन प्रकार ओळखण्याची सोपी खूण अशी : कापलेली कड पाहावी. वनस्पतिजन्य चामड्याची कड आतून तपकिरी दिसते, क्रोमच्या चामड्याची कड बहुधा निळसर-करडी असते. न रंगविलेल्या वनस्पतिजन्य चामड्यावर पाण्याचा थेंब टाकल्यास तो शोषला जाऊन तेथे गडद डाग पडतो. असे चामडे ओले असताना हवा तो आकार घेते, त्यावर नक्षी उमटते आणि वाळल्यावर ती कायम राहते. क्रोमच्या चामड्यावर नक्षी टिकत नाही. शिकाऊ माणसाने आरंभ वनस्पतिजन्य चामड्यानेच करावा, असे आमचे मत आहे. त्याची कड घोटता येते, ते हाताला चुकीची जाणीव लगेच करून देते आणि त्याच्या तुकड्यांतून पुष्कळ शिकता येते. मात्र ते ओले असताना लोखंडी वस्तू त्यावर ठेवू नये. हिरड्याच्या पाण्यात हिराकस घालून आपले पूर्वज काळी शाई करीत, त्याच रासायनिक क्रियेने ओल्या चामड्यावर लोखंडाचा काळा डाग पडतो आणि तो सहसा निघत नाही.

जनावराच्या शरीरावरील जागेप्रमाणे चामड्याचा गुण बदलतो. पाठीचा भाग घट्ट व एकसारखा असतो, पोटाचा भाग सैल असून ताणला जातो. पट्टा नेहमी पाठीच्या कण्याला समांतर कापावा. आडवा कापलेला अथवा पोटाकडील पट्टा काही महिन्यांत लांबतो व वाकडा होतो. पट्ट्यासाठी ३ ते ४ मिलिमीटर, पिशवीसाठी सुमारे २ मिलिमीटर आणि पाकिटासाठी १ ते सव्वा मिलिमीटर जाडीचे चामडे घ्यावे. गाय व बैल यांच्या कत्तलीबाबत गुजरातमध्ये निर्बंध आहेत आणि महाराष्ट्रातही २०१५ पासून गायीबरोबरच वळू व बैल यांच्या कत्तलीस बंदी आहे. म्हशीचे आणि शेळी-मेंढीचे चामडे मात्र बाजारात सर्रास मिळते. छंदासाठी ते पुरेसे आहे. चामडे खरेदी करताना ते कशाचे आहे, हे विक्रेत्यास विचारून घ्यावे.

नमुना

नवशिक्यांचा सर्वांत जास्त माल वाया जातो तो नमुन्याशिवाय थेट चामडे कापण्याने. कापड चुकले तर जोड देता येतो, शिवण उसवून पुन्हा घालता येते. चामड्यात एकदा पडलेले छिद्र कायमचे. यासाठी जुन्या दिनदर्शिकेच्या जाड कागदाचा किंवा पुठ्ठ्याचा नमुना आधी कापावा, तो चिकटपट्टीने जोडून त्यात प्रत्यक्ष वस्तू घालून पाहावी आणि मगच चामड्यावर आखणी करावी.

चष्म्याचे घर हे उदाहरण घेऊ. गणिताच्या शिक्षकांना ते वर्गात वापरता येईल. मिटलेला चष्मा १४.५ सेंटिमीटर लांब, ४.५ सेंटिमीटर रुंद आणि ३.५ सेंटिमीटर जाड आहे असे समजा. त्याच्याभोवती गुंडाळलेल्या सुतळीची लांबी रुंदी आणि जाडी यांच्या बेरजेच्या दुप्पट, म्हणजे १६ सेंटिमीटर भरेल. घराला दोन बाजू असल्यामुळे प्रत्येक बाजूला ८ सेंटिमीटर येतात. त्यात दोन्ही कडांना शिवणीसाठी अर्धा-अर्धा सेंटिमीटर आणि चष्मा सहज सरकावा म्हणून आणखी अर्धा सेंटिमीटर धरला, की तुकड्याची रुंदी ९.५ सेंटिमीटर होते. लांबीत दीड सेंटिमीटर वाढवून ती १६ सेंटिमीटर ठेवावी. असे दोन तुकडे म्हणजे ३०४ चौरस सेंटिमीटर चामडे. आपल्याकडे चामडे चौरस फुटावर विकले जाते आणि एक चौरस फूट म्हणजे ९२९ चौरस सेंटिमीटर. तेव्हा एका घराला साधारण एक तृतीयांश चौरस फूट चामडे लागते. वस्तूच्या जाडीचा हिशेब विसरून केवळ रुंदी मोजणारा माणूस असे घर करतो की ज्यात चष्मा जातच नाही, आणि हा अनुभव बहुतेकांना पहिल्याच वस्तूत येतो.

कापताना धारदार रापी किंवा कापणीची सुरी आणि पोलादी पट्टी वापरावी. बोथट हत्यारावर जोर द्यावा लागतो, ते घसरते व हात कापला जातो. धारदार हत्यार अधिक सुरक्षित असते, हे विद्यार्थ्यांना पटवून देण्यास वेळ लागतो. पट्टी धरलेला हात नेहमी पात्याच्या मार्गाबाहेर असावा. दोन तुकडे शिवण्यापूर्वी कडेला रबरी सोल्यूशनने चिकटवून घेतात. या सोल्यूशनचे बाष्प ज्वालाग्राही असून श्वासावाटे घेणे अपायकारक आहे. ते उघड्या खिडकीजवळ, चुली-दिव्यापासून दूर वापरावे. शाळेत हे काम शिक्षकाने स्वतः करावे.

हाताचा टाका

दोन्ही टोकांना एकेक सुई ओवलेल्या एकाच दोऱ्याने घातलेला टाका हा चर्मकामातील सर्वांत भरवशाचा टाका होय. घोड्याचे खोगीर व साज यांच्या शिवणकामात तो मुख्यत्वे वापरला जात असे. कडेपासून ४ मिलिमीटर अंतरावर कंपासाने रेघ ओढावी, तिच्यावर ४-४ मिलिमीटरवर खुणा कराव्यात आणि आरीने छिद्रे पाडावीत. वरील चष्म्याच्या घराची शिवण तीन बाजूंनी मिळून सुमारे ४० सेंटिमीटर भरते, म्हणजे छिद्रे शंभराच्या घरात येतात. दोरा शिवणीच्या चौपट अधिक हाताला धरण्यापुरता, असा साधारण २ मीटर घ्यावा आणि त्याला मेण लावावे. मेणामुळे दोरा गुंतत नाही, टाका घसरत नाही आणि ओल कमी शिरते.

पहिल्या छिद्रातून दोरा ओढून दोन्ही बाजूंस सारखा करावा. नंतर प्रत्येक छिद्रात प्रथम डावी सुई व मग उजवी सुई घालून दोन्ही टोके एकाच जोराने ओढावीत. क्रम कधीही बदलू नये. कधी डावी आधी, कधी उजवी आधी असे झाले, की टाक्यांचा कल बिघडतो आणि शिवण दातेरी दिसते. दुसरी सुई घालताना आधीच्या दोऱ्याला ती भोसकणार नाही, एवढी दक्षता घ्यावी. शेवटी दोन-तीन छिद्रे मागे येऊन दोरा कापावा. काम गुडघ्यांत धरण्यासाठी दोन फळ्यांचा लाकडी चिमटा गावचा सुतार सहज करून देईल, आणि त्याने दोन्ही हात मोकळे राहतात.

आपल्याकडील चर्मकार याहून वेगळी रीत वापरतात. त्यांच्या आरीच्या टोकाला आकडा असतो. आरी वरून खुपसायची, खाली धरलेल्या दोऱ्याचा फास आकड्यात अडकवून वर आणायचा आणि त्या फासातून दोऱ्याचे दुसरे टोक ओढून घ्यायचे. यात वेग फार मोठा आहे. अनुभवी कारागीर खुणा न करताही एका रेषेत, एका अंतरावर टाके घालतो. नवशिक्याने काही तास शेजारी बसून ते पाहिल्याशिवाय त्यातील कौशल्य उमगत नाही. कच्छमधील मोची कारागिरांनी हीच आकड्याची आरी रेशमी वस्त्रांवर चालवून साखळी टाक्याचे जे भरतकाम निर्माण केले, ते मोची भरत किंवा आरी भरत म्हणून प्रसिद्ध आहे. सतराव्या शतकात गुजरातेतील अशा भरतकामाला मुघल दरबारात आणि युरोपातही मागणी होती. चामडे शिवण्याचे हत्यार राजवस्त्रांवर चालले आणि त्याचे कौतुक झाले; चामडे शिवणाऱ्याच्या वाट्याला तेवढे आले नाही.

कोल्हापुरी वहाणेत तर दोऱ्याऐवजी चामड्याचीच वादी वापरून थर एकमेकांना शिवले जातात. पारंपरिक वहाणेत खिळा नसतो. छंद म्हणून वहाण करावयास घेऊ नये, निदान पहिली दोन वर्षे तरी. अंगठा, पट्टा, वेणी आणि कान यांची मापे पायाला जुळवणे हे पिढ्यांचे काम आहे.

शिलाई यंत्र

घरातील पायाच्या किंवा हाताच्या शिलाई यंत्रावर चामडे शिवता येते काय, हा प्रश्न हमखास विचारला जातो. मर्यादेत येते. दोन्ही थर मिळून सुमारे २ मिलिमीटरपर्यंत मऊ चामडे चांगल्या घरगुती यंत्रावर निघते. त्यासाठी चामड्याची खास सुई, म्हणजे जिचे टोक पात्यासारखे कापते ती, १६ किंवा १८ क्रमांकाची घ्यावी. टाका लांब ठेवावा, इंचाला ६ ते ८ याहून अधिक नको. टाके फार जवळ पडले तर चामडे टपाल तिकिटांच्या कागदासारखे छिद्रांच्या ओळीवर फाटते. चामडे दाबपट्टीला चिकटून थबकते, म्हणून रूळ असलेली पट्टी बसवावी, नाहीतर चामड्याच्या वर पातळ कागद ठेवून शिवावे व नंतर तो फाडून काढावा. टाचण्या लावू नयेत, कागदाच्या चापांनी थर धरावेत. कोपऱ्यावर मोटर किंवा पायटा न वापरता चाक हाताने फिरवावे. शिवणीच्या शेवटी उलटे टाके घालण्याऐवजी दोऱ्याची टोके आतल्या बाजूस ओढून गाठ मारावी.

जाड पट्टा किंवा दप्तराचा पट्टा घरच्या यंत्रावर चढवू नये. सुई मोडते आणि तिचा तुकडा डोळ्यात जाण्याचा धोका असतो, शिवाय यंत्राची चाल कायमची बिघडते. पादत्राणांच्या दुरुस्तीसाठी वेगळे यंत्र असते. त्याची दाबपट्टी चहूदिशांना फिरते आणि तीच चामडे पुढे सरकवते, त्यामुळे बुटाच्या आत, नळीत किंवा वळणावरही शिवता येते. अनेक कारागिरांकडे अशी जुनी यंत्रे आजही सुस्थितीत चालू आहेत.

यंत्राचा टाका दोन स्वतंत्र दोऱ्यांचा असतो, एक सुईचा व एक बॉबिनचा, आणि ते चामड्याच्या मध्यावर एकमेकांत अडकतात. एका बाजूचा दोरा घासून तुटला, की दुसरा सैल होतो आणि शिवण उसवत जाते. हाताच्या दोन सुयांच्या टाक्यात एकच दोरा दोन्ही बाजूंनी छिद्रातून गेलेला असतो, म्हणून एक टाका तुटला तरी शेजारचे टाके धरून राहतात. ज्या वस्तूवर वजन येते, तिचे कान, मूठ, पट्ट्याचे जोड हातानेच शिवावेत. अस्तर, आतले कप्पे, लांब सरळ शिवण यंत्रावर करण्यात वेळ वाचतो. एकाच पिशवीत दोन्ही पद्धती वापरण्यात काहीही वावगे नाही.

शाळा आणि बाजार

१९७७ साली ईश्वरभाई पटेल समितीने समाजोपयोगी उत्पादक कार्याची शिफारस केली. तेव्हापासून अभ्यासक्रमांची नावे बदलत गेली, पण शाळेच्या हस्तव्यवसायाच्या तासाला बहुधा कागदकाम आणि शिवणकाम यांच्यापुढे मजल जात नाही. चर्मकाम शिकवायचे झाल्यास फार खर्च येत नाही. पादत्राणे किंवा पिशव्या करणाऱ्यांकडे उरलेले तुकडे वजनावर मिळतात. किल्लीचा गोफ, पुस्तकाची खूण, नाण्यांचे छोटे पाकीट एवढ्यावर एक सत्र निघते. शिकवण्यास गावातीलच चर्मकारास बोलवावे, त्यास तासाचे योग्य मानधन द्यावे आणि मुलांसमोर गुरुजी म्हणूनच त्याची ओळख करून द्यावी. एखाद्या चर्मकार कुटुंबातील मुलास वर्गात हे काम मुद्दाम सोपवून त्याच्या घराण्याचा उल्लेख करणे मात्र कटाक्षाने टाळावे. काही पालकांना या विषयाचा संकोच वाटतो, काहींना राग येतो. दोन्ही मागे कारणे आहेत, आणि शिक्षकाने ती ऐकून घ्यावीत.

हौशी कारागीर काही दिवसांनी आपल्या वस्तू विकू लागतो. त्यात गैर नाही, परंतु ज्याचे घर दुसऱ्या पगारावर चालते त्याने स्वतःची मजुरी न धरता केवळ चामड्याच्या किमतीत पाकीट विकले, तर त्याच पेठेत पोट भरणाऱ्या कारागिराचा भाव पडतो. किंमत ठरवताना मजुरीचे तास अवश्य धरावेत. व्यवसाय म्हणून या क्षेत्रात येऊ इच्छिणाऱ्या चर्मकार समाजातील व्यक्तींसाठी महाराष्ट्र शासनाने १९७४ साली संत रोहिदास चर्मोद्योग व चर्मकार विकास महामंडळ स्थापन केले आहे. कोल्हापुरी वहाणेला २०१९ साली भौगोलिक मानांकन मिळाले. ते महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर आणि कर्नाटकातील बेळगाव, बागलकोट, धारवाड, विजापूर या जिल्ह्यांना लागू आहे. जून २०२५ मध्ये मिलान येथील एका प्रसिद्ध इटालियन कंपनीच्या प्रदर्शनात त्याच घाटाच्या वहाणा मूळ कारागिरांचा उल्लेख न करता मांडल्या गेल्या, तेव्हा या मानांकनाचे महत्त्व सर्वांच्या ध्यानात आले.

निगा

बडोद्यासारख्या ठिकाणी मे महिन्याची उष्णता आणि लगेच येणारा पावसाळा या दोहोंचा चामड्यावर परिणाम होतो. भिजलेली वस्तू उन्हात अथवा चुलीजवळ वाळवू नये, ती कडक होऊन तडकते. वर्तमानपत्राचे बोळे आत भरून सावलीत वाऱ्यावर ठेवावी आणि कागद ओला झाला की बदलावा. पूर्ण वाळल्यानंतर एरंडेलाचा अगदी पातळ हात फडक्याने फिरवावा. जास्त तेल लावल्यास चामडे सैल पडते व कपड्यांना डाग लागतात. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून ठेवलेल्या चामड्यावर पावसाळ्यात हमखास बुरशी येते. जून ते सप्टेंबर या काळात उरलेले चामडे सुती कापडात सैल गुंडाळून, घडी न घालता, जमिनीपासून उंच फळीवर ठेवावे आणि पंधरा दिवसांतून एकदा उघडून वारा द्यावा. बुरशी दिसल्यास ती घराबाहेर कोरड्या फडक्याने पुसावी आणि ते फडके पुन्हा वापरू नये.